दिवटीवाली

"डोईजड! फारच डोईजड!" तोंडातलं चीज गिळायच्या आतच गॉर्डीने निकाल देऊन टाकला. "हिने दिवा उजळला की आमचा प्रत्येक घाव बसणार, आणि हिच्या केसालाही धक्का नाही? ॲर्डिस दोन मिनिटांत फाडून टाकेल हे."

"मागचं लेचंपेचं होतं म्हणालास," व्हर्लिन म्हणाला.

"होतंच. मागच्यात ती नुसती घोडे धरून उभी होती."

शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं आडव्या टायरभोवती बसलो होतो. व्हर्लिन तिथला मिस्त्री. मी मार्लिस, शाळेच्या स्वयंपाकघरात. गॉर्डी पूर्वी दुधाचा टँकर चालवायचा, आता निवृत्त आणि रिकामटेकडा. दर रविवारी चर्च आणि जेवण उरकलं की आम्ही व्हर्लिनच्या तळघरात राक्षस मारतो. फासे, कागद आणि तोंड, एवढंच सामान. खेळ व्हर्लिन चालवतो. राक्षस त्याचे, अंधार त्याचा आणि पुठ्ठ्याच्या पडद्याआड पडणारे फासेही त्याचेच. बाकीच्यांनी एकेक पेशा घ्यायचा, योद्धा, मांत्रिक, चोर, जो आवडेल तो. पुस्तकात नसलेला पेशा कुणी घरी बनवून आणला, तर तो आधी ॲर्डिसपुढे ठेवायचा, कारण व्हर्लिनची ही बायको म्हणजे आमच्या टेबलावरचं कोर्ट. गॉर्डीने एकदा अर्धा ड्रॅगन असलेला आचारी आणला होता. "गॉर्डी, हा आचारी नाही, ही तुझी हाव आहे," म्हणून तिने कागद परत केला. ती जखम अजून भरलेली नाही.

त्या ॲर्डिसचं डोकं आता तिला दगा देत होतं. तिच्या मांत्रिकाला ढीगभर मंत्र होते, ते एकेक करून गळाले. एका रविवारी कोणता फासा उचलायचा हे तिने पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मग हातातले फासे खाली ठेवले. "पुढच्या वेळेपासून मी वरच बसेन," ती म्हणाली. "मला बाहुली करून बसवू नका."

म्हणून हा खटाटोप. जन्मात कधी पेशा न बनवलेला व्हर्लिन बायकोसाठी दिवटीवाली बनवत होता. आठवावं काही लागू नये, पण दयाही दिसू नये. दया दिसली असती तर ती पुन्हा तळघराची पायरी उतरली नसती.

"किंमत लाव," मी म्हटलं. "फुकटचं दिलंस तर तिला लगेच वास येईल."

"लावली की. दिवा धरून पाय दुखतात तिचे."

"अरे देवा! पाय तर माझेही दुखतात, मला कोण पेशा म्हणतंय?"

तो बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. मग खणातून मूठभर पितळी नट काढून त्याने लोण्याच्या रिकाम्या डब्यात टाकले. "हे तेल. दिवा उजळला की एक नट बाहेर. लक्षात ठेवायला नको, समोर दिसतंय."

"आणि संपले की?"

"मग मी वीस बाजूंचा फासा टाकणार. दहाच्या खाली पडलं तर..."

"तर काय?" गॉर्डीने विचारलं.

"विझली," असं म्हणून व्हर्लिन बसखाली शिरला. त्या बसला काही झालेलं नव्हतं.

ॲर्डिसने कागद वाचला तो दिवस तिचा बरा होता. हातात लाल पेन्सिल.

"भोक आहे," ती म्हणाली. "डबा पुन्हा भरता येतो का? लिहिलेलं नाही."

"राहून गेलं."

"राहून नाही गेलं. ठेवलंस." तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, डबा पुन्हा भरत नाही. "आता तोल जमला. चला खाली, बसलात काय!"

व्हर्लिन भिंतीकडे तोंड करून कॉफी ओतत राहिला.

तो हिवाळा आमचा फार चांगला गेला. ती गॉर्डीचं नाव विसरायची, मला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. पण डब्यावरचा हात कधी चुकला नाही. आणि काय चिकट बाई! गॉर्डी गयावया करायचा, "दिवा दे गं, मरतोय मी!" तर म्हणायची, "का रे, तुला डोळे नाहीत?"

बर्फ वितळायला लागलं तेव्हा डब्यात एकच नट उरला होता. आम्ही एका खाणीत होतो. माझा योद्धा आडवा, गॉर्डीचा चोर राक्षसाच्या मुठीत.

"तू पळ, ॲर्डिस," मी म्हटलं.

"मागचं दार उघडं आहे हं," व्हर्लिन म्हणाला. खेळ चालवणाऱ्याने असं सांगायचं नसतं.

तिने नट उचलून टेबलावर ठेवला. "उजेड."

आमचे घाव बसले. राक्षस पडला. मग पडद्याआड फासा खुळखुळला आणि थांबला. व्हर्लिन त्याच्याकडे बघतच राहिला.

"चौदा. वाचलीस."

ॲर्डिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझे कान लाल झालेत."

ती उठली आणि तिने पडदा बाजूला केला. तीन पडले होते.

"सगळीकडे सांभाळून घेताय मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डॉक्टर, शेजारी, तूसुद्धा. एवढं एक टेबल होतं रे माझं."

"माझ्याच्याने तीन म्हणवेना," व्हर्लिन म्हणाला आणि रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, नाक ओढत रडत होता. मलाही राहवलं नाही. गॉर्डी छताकडे बघत बसला.

ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "सांग मग. कशी गेले मी?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. "ज्योत... ज्योत उंच झाली. सगळी खाण दिसली. भिंतीवरचं पाणी, मागचं दार, सगळं. ही दोघं त्या उजेडात बाहेर पडली. तू मागे राहिलीस."

"मग?"

"मग अंधार."

"छान," ॲर्डिस म्हणाली. "नीट सांगितलंस." ताटलीत उरलेला लिंबाच्या वडीचा तुकडा तिने खाल्ला आणि ती वर गेली.

आता ती नदीकडच्या वृद्धाश्रमात असते. व्हर्लिन रोज संध्याकाळी जातो. कपड्यांना ग्रीसचा वास येतो म्हणून ती त्याला मिस्त्री म्हणून ओळखते, आणि तिच्या गाडीत कसला आवाज येतो ते सांगते. गाडी कधीच विकली. तो ऐकून घेतो, "बघतो उद्या," म्हणतो.

रविवारी आम्ही तिघं बसतो. दिवटीवाली मी घेऊ का, असं गॉर्डीने एकदा विचारलं. मी टेबलाखालून त्याला लाथ घातली. "घे की. चांगला पेशा आहे," व्हर्लिन म्हणाला. पण डबा पुढे ओढायला गॉर्डीचा हात काही उठला नाही.

आमची माणसं आता अंधारातच चाचपडत जातात, आणि वरचेवर मरतात. पडदा व्हर्लिनने फेकून दिला. फासा तो सगळ्यांसमोर टाकतो, आणि तीन पडले तर तीन म्हणतो.