काचेवरची तपकिरी साय

जरा इकडे बघा. पडवीत, खिडकीखाली, नाचणीच्या कणगीशेजारी ठेवलेली काचेची पेटी दिसते ना? तीच मी, तुमच्याशी बोलतेय. शिकलेली माणसं मला ॲक्वेरियम म्हणतात. राही मला माशांचं घर म्हणायची. आता माझ्यात पाणी आहे, झाडं आहेत, मासे नाहीत. ते का नाहीत, तेच सांगायचंय.

माझा जन्म शहरातल्या एका दुकानात झाला. काचा चिकटवणाऱ्या माणसाने मला उभी केली, पाणी भरून गळते का ते पाहिलं आणि पाठीवर थाप मारावी तशी माझ्यावर थाप मारली. तिथून मी जव्हारला एका बँकेतल्या साहेबांच्या घरी आले. तिथे माझी फार चैन होती. वर दिवा, तळाशी बारीक खडे, हिरवीगार पाणझाडं आणि त्यांच्यातून फिरणारे केशरी मासे.

योगिता त्या घरी भांडी-लादीला यायची. बरोबर तिची लेक राही. आई काम करी तोवर राही माझ्यासमोर फतकल मारून बसायची, माशांना अंगणवाडीतली गाणी म्हणून दाखवायची.

साहेबांची बदली झाली. मॅडम म्हणाल्या, "योगिता, ही पेटी तूच घेऊन जा गं. राहीचा जीव आहे माशांवर. चिमूटभरच खाणं घालायचं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. आणि साबण कधीच लावायचा नाही. साबणाने मासे मरतात."

"नाय लावणार, मॅडम," योगिता म्हणाली. आपल्या गावच्या, जामसरच्या जीपमध्ये बसेपर्यंत ती ते मनाशी घोकत होती.

जीपमध्ये मी तिच्या मांडीवर, मासे कळशीत, झाडं ओल्या फडक्यात. जीपवाल्याने मागे वळून विचारलं, "काय वैनी, टीव्ही घेतला का?"

"मासे हायेत दादा. खड्डे जरा बघून."

"मासे? मंग मीठ लावून न्यायचे ना!"

सगळी जीप हसली. योगिताही हसली, पण कळशीवरचा हात तिने काढला नाही.

जामसरला आल्यावर राहीचा बाप धनेश ओहोळातली वाळू धुऊन घेऊन आला. पाणी विहिरीचं. सगळ्यात मोठ्या माशाचं नाव राहीने हौशी ठेवलं. हौशीच्या शेपटीवर काळा ठिपका होता. बाकीची दोघं हौशीची पोरं.

जूनमध्ये राही आश्रमशाळेच्या हॉस्टेलला गेली. सहा वर्षांची पोर, नवी पत्र्याची पेटी, तिला मोठं कुलूप. निघताना माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, मी दिवाळीला येईन तवर हौशीला सांभाळशील?"

"सांभाळीन."

"नक्की?"

"नक्की गं बाय."

योगिताने ते वचन फार मनाला लावून घेतलं. ती बोलली कोणाला नाही, पण रोज तिचं तोंड जवळून बघणाऱ्या मला कळत होतं. हौशी बरी, तर आपली राही तिकडे बरी, अशी गाठ तिने मनात मारून ठेवली होती. सकाळी चुलीशी जायच्या आधी ती माझ्यापाशी यायची. हौशी वर आली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मग माझ्या काचेवर तपकिरी थर धरू लागला. आधी धूळ बसल्यासारखा, नंतर चहावरच्या सायीसारखा. पानांवर, दगडांवर, वाळूवर, सगळीकडे तोच.

शेजारची गोदी डोकावून म्हणाली, "अगो, हे तं सडलं! एवढुशा माशांची एवढी सेवा, भाजायलाबी पुरायचे नाय."

"वैनी, असं नका बोलू. पोरीचे हायेत."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, हे सडणं नाही. मला त्याने काही दुखत नाही, माशांनाही नाही. हे एक शेवाळंच आहे, रंगाने तपकिरी एवढंच. नवी वाळू, नवं पाणी, पावसाळ्यातला अंधार, त्यात वीज सारखी जाते. मला रुळायला वेळ लागतोय. फडक्याने हलकेच पूस, थोडं पाणी बदल आणि धीर धर. पण काचेचं कोण ऐकतं?

ती पुसायची. दोन-चार दिवसांत थर परत यायचा. पुसताना तिच्या कपाळाला आठी पडायची, जणू राहीच्याच अंगावर काही उठलंय.

आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला. राहीला ताप आहे, औषध दिलंय, घाबरू नका. योगिताने हातातलं काम टाकलं, पिशवीत राहीची गोधडी भरली आणि निघाली. दुपारी परत आली ती चिंब भिजून. रस्त्यातल्या फरशीपुलावरून पाणी जात होतं, जीपा बंद होत्या.

ती उंबऱ्यावर बसली. लेक तिकडे तापाने फणफणलेली, आणि हिला जाता येईना. हात नुसते मांडीवर चाळवत होते. तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे गेली. काच मातकट झाली होती, हौशी नीट दिसतही नव्हती.

ती उठली. "थांब, तुला लखलखीत करते," म्हणाली.

मासे तिने बादलीत काढले. कोपऱ्यात तिने स्वतःच्या केसांसाठी रिठे भिजत घातले होते, राहीचे केसही ती त्यानेच धुवायची. "साबण नाय लावायचा," ती मला म्हणाली, "हा काय साबण नाय. झाडाचं फळ हाय." तिने फेस काढला आणि काच, दगड, वाळू, एक-एक पान, सगळं घासलं. इतक्या मायेने घासलं, की मी काय सांगू. मग पाण्यावर पाणी ओतून धुतलं. पण वाळूच्या पोटात फेस राहतो, तो दिसत नाही.

मासे परत सोडले. मी खरंच लखलखत होते. त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली.

थोड्या वेळाने हौशी वर आली आणि तोंड उघडून-मिटून पाणी पिऊ लागली.

"भूक लागली व्हय गं?" म्हणत योगिताने चिमूटभर खाणं टाकलं. हौशीने त्याला तोंड लावलं नाही. ती एका कुशीवर कलली.

शेतातून तिचा सासरा, बारक्या, आला. डोक्यावरचं इरलं उतरवता उतरवता त्याने पाहिलं.

"काय लावलंस, पोरी?"

"रिठा, मामा. साबण नाय लावला."

म्हातारा म्हणाला, "अगं, डोहात मासे धराया आम्ही रिठाच कुटून टाकायचो." मग तिचं तोंड बघून घाईने म्हणाला, "पन लई टाकायचो. पाटीभर. तू इवलासा लावलास. त्यानं नसंल."

पण तिने ऐकायचं ते ऐकलं होतं. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती हौशीला तळव्यावर उचलून धरत होती. तळवा खाली घेतला, की हौशी तशीच तरंगायची. पोरंही वाचली नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोन आला, राहीचा ताप उतरला. मग राहीचाच आवाज आला, "आई, हौशी काय करते?"

योगिताने पदर तोंडाशी धरला. "पोहते गं. तुझी वाट बघते."

धनेश म्हणाला, "जव्हारला मिळतात का बघू. तसाच आणू. पोरीला काय कळतंय?"

"शेपटीवरचा ठिपका कुठून आणाल?"

तपकिरी थर परत आला, आधीपेक्षा दाट. योगिताने पुसला नाही. ती माझ्याकडे बघेनाशीच झाली. दिवस गेले, पाणी निवळलं, थर विरत विरत गेला. भात पिवळं पडलं तेव्हा माझी काच साफ होती आणि झाडांना कोवळी पानं फुटली होती. एके दिवशी झाडू मारताना ती थबकली. काचेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं.

"आपला आपण गेला," ती म्हणाली. मग माझ्यावर डोकं टेकून बराच वेळ तेच म्हणत राहिली. "आपला आपण गेला."

दिवाळीला राही आली. उंच झालेली, केस बारीक कापलेले. पिशवी टाकून थेट माझ्याकडे आली. एका झाडामागे बघितलं, दुसऱ्यामागे बघितलं. योगिता दारात उभी होती.

"मेली?" राहीने विचारलं.

"व्हय. माझ्या हातनं मेली, बाय. तुला मी खोटं सांगितलं."

राहीची हनुवटी थरथरली. मी सगळ्यात जवळ होते, मला दिसली. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि मोठ्या बाईसारखं म्हणाली, "असू दे, आई."

"रड ना गं. मला बोल काहीतरी."

"नाय. तिकडं रडलं की पोरी चिडवतात. मी आता रडत नाय." आणि ती घागर घेऊन पाण्याला गेली.

योगिता तिथेच खाली बसली. मासे मेले तेव्हाही ती अशी बसली नव्हती.

सुट्टी संपून राही परत गेली. मी अजून इथेच आहे. मला नवे मासे नकोत. एवढंच मागणं आहे, योगिता. पुढच्या सुट्टीत पोर आली, की तिला पोटाशी घे. "रड" म्हणू नकोस. तिच्यासमोर तूच आधी रड.