संताची गाडी आणि माझ्या घरचे दोन शहाणे

बावीस वर्षं मी त्या चिठ्ठीची वाट पाहिली, आणि ती निघाली तेव्हा मी डोक्याला साबण लावून न्हाणीघरात बसले होते. शेजारचा जेनेझियो कुंपणावरून ओरडला, "झोराइद, यंदा संत तुमच्याकडे!" मी अंगाला टॉवेल गुंडाळून तशीच अंगणात धावले. नंतर आठवडाभर गावाला बोलायला विषय मिळाला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आमच्या पेद्रालमध्ये जुलैच्या शेवटच्या रविवारी गावातली यच्चयावत वाहनं ओळीनं टेकडीवरच्या चर्चला जातात आणि पाद्रे त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. दुधाचा ट्रक, ट्रॅक्टर, मोटरसायकली, सगळं. सर्वांत पुढे संत क्रिस्तोव्हावची मूर्ती. खांद्यावर पोर घेऊन नदी ओलांडणारा हा आमच्या ड्रायव्हर मंडळींचा संत. ज्या घराची चिठ्ठी निघते त्या घरच्या गाडीत, घरच्या बाईच्या मांडीवर तो बसतो. नियम दोनच. गाडी घरची हवी, आणि वर पोचेपर्यंत संत मांडीवरून उतरता कामा नये. उतरला तर तो मागच्या गाडीत जातो. अठ्ठ्याण्णव साली जेनेझियोच्या वडलांची गाडी बंद पडली आणि संत उतरला. अजूनही त्या घराला गाव 'उतरवे' म्हणतं.

माझा नवस होता. माझी जामिले सात महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. तेव्हा मी म्हटलं होतं, हिला वाचव, तुला माझ्या मांडीवर, माझ्याच गाडीतून टेकडीवर नेईन. त्यानं वाचवलं. आता ती बावीस वर्षांची आहे आणि माझं डोकं खाते.

डोकं खायला ती एकटी नाही. माझा नवरा अदाउतो मेकॅनिक. त्याच्या लेखी गाडी म्हणजे इंजिन, बाकी सगळा पत्रा. जामिले गाड्या रंगवते, बुटक्या करते, चमकवते. तिच्या लेखी इंजिन म्हणजे बॉनेटखाली लपवायची अडगळ. एकाच अंगणात दोघांच्या दोन शेड, एकमेकींकडे पाठ करून. आणि घरात गाडी एकच. दोन दारांची, चिमुकली, जामिलेपेक्षा वयानं मोठी.

"चढ बघितलास का चर्चचा?" अदाउतो जेवताना म्हणाला. "इंजिनाला टर्बो बसवल्याशिवाय ही खटारा गाडी चढायची नाही."

"बाबा, मिरवणूक आहे, शर्यत नाही. सगळं गाव बघणार. तुम्ही धूर दाखवणार का लोकांना?"

"आणि तू काय दाखवणार? पावडर-लाली?"

"निदान बघण्यासारखं काहीतरी!"

मी डाळीचा डाव टेबलावर आपटला. "बॉनेटच्या आतलं त्याचं, बाहेरचं तुझं. कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. संपलं."

मला वाटलं, मी शहाण्या शलमोन राजासारखा न्याय केला. कसला न्याय! दोन गाढवांना एकाच गाड्याला जुंपून त्यांची तोंडं मी उलट्या दिशांना केली होती.

महिनाभर अदाउतो दुपारी काम करायचा आणि जामिले सकाळी. एकमेकांना विचारायचं नाही म्हणजे नाही. मी कॉफी घेऊन गेले की दोघंही अंगानं गाडी झाकायचे.

रविवारी सकाळी जामिलेनं चादर ओढली. खोटं कशाला बोलू, गाडी ओळखूच येईना. पिकल्या आंब्याचा पिवळा रंग, चाकांवर लखलखत्या तबकड्या, आणि स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला इतकी टेकवलेली की खालून मांजरही जाऊ नये. पुढची जाळी तिनं आदल्या रात्री काढून टाकली होती. त्या जागी सपाट पत्रा, फट म्हणून नाही.

"जाळी कुठाय?" अदाउतोनं विचारलं.

"काढली. दात पडल्यासारखी दिसत होती."

अदाउतोचा चेहरा पडला. "अगं, मी इंजिन थंड ठेवणारा पंखा काढलाय! टर्बोला जागा नव्हती. म्हटलं, जाळीतून वारा लागेलच की."

"बाबा, मिरवणुकीत गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगानं जाते. कुठला वारा?"

तेवढ्यात ढोल वाजले, आणि पाद्रे ओलाव्हो संताला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी पुढच्या सीटवर बसले. संत मांडीवर आला. लाकडाचा, गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढा जड. मी त्याला घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

अदाउतोनं किल्ली फिरवली. अशी गुरगुर झाली की शेजारची कोंबडी कुंपणावर चढली. त्या इंजिनाला हळू चालणं माहीतच नव्हतं. गचके देत गाडी निघाली, आणि संत माझ्या मांडीवर नाचू लागला. लोक मात्र रंगावर खूश होते. मागच्या सीटवरची जामिले राणीसारखी हात हलवत होती.

बेकरीसमोर स्पीडब्रेकर आहे. पुढची चाकं चढली, मग 'कर्र' करून पोट टेकलं. गाडी फळीसारखी मध्येच अडकली. त्याच क्षणी बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन आचका देऊन गप्प झालं.

"स्प्रिंगा कापायला कुणी सांगितलं होतं?"

"पंखा काढायला कुणी सांगितलं होतं?"

दोघंही उतरून रस्त्यात भांडू लागले. मागच्या ट्रॅक्टरवरून जेनेझियो खाली आला. "झोराइद, ऊन लागेल त्याला. दे इकडे," तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे, पण दिला की संत उतरला. बावीस वर्षं. मी संताला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि खिडकीतून ओरडले. इतकी मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

"गप्प बसा दोघं! जामिले, ऐक. तू आजारी होतीस तेव्हा ह्याच गाडीतून तुला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. चढावर एक सायकलवाला आमच्या पुढे गेला, सायकलवाला! तुझा बाप दोन्ही पायांनी पेडल दाबत होता आणि रडत होता. तेव्हापासून त्याला कुठलीही गाडी पुरेशी पळते असं वाटत नाही. आणि अदाउतो, तू हिला शाळेच्या दोन गल्ल्या अलीकडे उतरवायचास ना, पोरी गाडीला हसू नयेत म्हणून? हिला ते कळत होतं. पहिल्यांदा रंगाचा डबा हातात घेतला तो हिनं त्यासाठी, तू फाटकापर्यंत यावंस म्हणून!"

ढोलवालेसुद्धा थांबले.

जामिलेनं पान्हा मागितला, आणि महिनाभर घासून गुळगुळीत केलेला तो पत्रा आपल्या हातानं उचकटून काढला. अदाउतोनं गरम बॉनेट उघडलं, आत डोकावून मान हलवली. आता नुसत्या वाऱ्यानं भागणार नव्हतं.

मी पाद्रेंना विचारलं, "पाद्रे, गाडी घरची हवी. इंजिन चालू हवं, असं कुठे म्हटलंय का?"

पाद्रे ओलाव्होंनी वर बघितलं, मग टेकडीकडे. "नाही बुवा. मी तरी वाचलेलं नाही."

अदाउतोनं एका बाजूनं खांदा लावला, जामिलेनं दुसऱ्या. मी आणि संत आत. गाडी हलेना. मग जेनेझियोनं टोपी ट्रॅक्टरवर ठेवली. "आमच्याकडून उतरला तेवढा पुरे," म्हणत त्यानं मागचा बंपर पकडला. दुधाचा ट्रकवाला आला, बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला. गाडी उचलली गेली, आमच्यासकट, आणि स्पीडब्रेकरच्या पलीकडे टेकली.

पुढचा सगळा चढ ढकलत. स्टिअरिंगला कुणी नव्हतं, म्हणून जन्मात गाडी न चालवलेली मी शेजारच्या सीटवरून एका हातानं संत आणि दुसऱ्या हातानं चाक धरलं होतं. दोनदा गटाराकडे नेली. मागून दोघं एकाच सुरात ओरडले, "आई, डावीकडे!" "झोराइद, डावीकडे!" कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

आरशात मला दोघंच दिसत होते. डोक्याला डोकं लावलेले, लालबुंद, घामानं निथळणारे. अदाउतो धापा टाकत म्हणाला, "रंग चांगला आहे गं." जामिले म्हणाली, "बोलू नका बाबा, दम वाचवा." आणि मग, थोड्या वेळानं, "पंखा बसवायला मी येते उद्या."

वर पोचल्यावर पाद्रेंनी पाणी शिंपडलं, ते बॉनेटवर चर्रकन वाजलं आणि सगळे हसले. मी संताला उतरवलं. माझे पाय इतके बधिर झाले होते की मला उभं राहता येईना, तेव्हा जामिलेनं मला काखेत धरून उचललं. सात महिन्यांची असताना तिला श्वास घेता येत नव्हता. आता तिच्या श्वासाचा भाता माझ्या कानापाशी चालला होता. मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत.

आमच्या घराला आता गाव 'ढकले' म्हणतं. परवा बाजारात कुणीतरी मागून हाक मारली, "ओ ढकलेबाई!" मी लगेच वळले.