डबा रिकामा आला

पुलगावच्या रेल्वे फाटकाअलीकडे, बाभळीखाली उभं राहून अच्युतरावांनी डब्याच्या फडक्याची गाठ सोडली, झाकण दोन बोटं उचललं आणि आत नाक घातलं.

अंबाडी. म्हणजे आज सोमवार.

त्यांनी झाकण बसवलं, गाठ पुन्हा आवळली आणि गाय कुठे दिसते का ते पाहिलं. एरवी फाटकापाशी तीन-तीन गाई रवंथ करत बसलेल्या असायच्या. आज एकही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माणूस पाप करायला निघावा आणि गायीनंच ऐनवेळी पाठ फिरवावी, याचं त्यांना वाईट वाटलं.

अच्युतराव नाचणगावचे. पुलगावात एका जिनिंगच्या कचेरीत कारकून. लग्नाला अकरा वर्षं झालेली आणि त्या अकरा वर्षांत घरात वार विचारायला कुणी पंचांग उघडलं नव्हतं. सोमवारी अंबाडी, मंगळवारी मुगाची डाळ, बुधवारी वांगं, गुरुवारी पालकाचं आळण, आणि परसातली अंबाडी सरता सरत नाही म्हणून शुक्रवारी पुन्हा अंबाडी. शरयूच्या हाताला खोट नव्हती. मीठ जागच्या जागी, भाकर चंद्रासारखी. भांडायला एक खडासुद्धा सापडत नसे, हेच खरं दुखणं होतं.

आणि तीन महिन्यांपासून स्टेशनासमोर ताराचंदचं भोजनालय सुरू झालेलं. बाराच्या ठोक्याला तिथली फोडणी वाऱ्यावर बसून कचेरीत यायची आणि थेट अच्युतरावांच्या टेबलापाशी थांबायची.

शेवटी त्या सोमवारी बाराच्या सुट्टीत डबा छत्रीआड धरून ते भोजनालयात शिरले. आत चार टेबलं, चारही भरलेली. राजधानी नागपुरात राहते की मुंबईला जाते यावर दोन माणसं पुऱ्या मोडत भांडत होती. अच्युतरावांनी कोपरा धरला, डबा पायाशी ठेवला आणि थाळी मागवली. लालभडक तर्रीतले बटाटे आले, फुगलेल्या पुऱ्या आल्या, शेव आली, वर तळलेली मिरची आली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांनी कुणीतरी आपल्याला जागं केलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात गल्ल्यावरचा ताराचंद उठून आला. जाडसर, विधुर, कानात अत्तराचा फाया. तो टेबलापाशी थांबला, वाकला आणि हवा हुंगू लागला.

"बाबूजी, खाली काय आहे?"

अच्युतराव कसनुसे झाले. घरचा डबा आहे म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले की, तब्येत बरी नाही म्हणून जरा इथलं खातो. तर्री ओरपत हे सांगताना त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही.

"अंबाडी आहे ना? लसणाची फोडणी?" ताराचंद समोर बसलाच. "दहा वर्षं झाली, बाबूजी, घरवाली जाऊन. आता रोज ही थाळीच खातो मी. सकाळी बटाटा, सांजेले बटाटा. आपल्याच हाटिलात बसून आपलंच खाणारा माणूस पाह्यला का कधी तुमी? त्याच्याकडे पाहून गिऱ्हाईकबी पळते."

अच्युतरावांनी डबा वर ठेवला. ताराचंदनं भाकर मोडली, अंबाडी लावली, घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. नागपूर-मुंबईचं भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. भाकरीची करपलेली कड अच्युतराव कधी खात नसत. ताराचंदनं तीसुद्धा खाल्ली, आणि बोटं पुसत म्हणाला की, उद्यापासून सौदा पक्का. डबा त्याचा, थाळी बाबूजींची.

डबा त्यानं स्वतः मागच्या नळावर नेऊन धुतला आणि फडक्यात बांधून आणून दिला. संध्याकाळी अच्युतरावांनी तो घरी शरयूच्या हाती दिला. तिनं चुलीपाशी बसून फडकं सोडलं, झाकण काढलं आणि क्षणभर डब्यात पाहत राहिली. मग डबा पालथा घातला. ती म्हणाली एवढंच, की रात्रीला खिचडी टाकते.

असं सुरू झालं.

दुसऱ्या आठवड्यात ताराचंदचा निरोप आला. भाभींना म्हणावं, एक दिवस गोळाभात करा, आणि वरून घालायला हिंगाचं तेल वेगळं द्या. आता हे घरी कसं सांगावं? अच्युतराव रात्रभर कुशी बदलत राहिले आणि सकाळी धोतर नेसता नेसता भिंतीकडे तोंड करून बोलले.

"आज गोळाभात केला तर? हिंगाचं तेल जरा येगळं देजो."

शरयूच्या हातातली परात थांबली. अकरा वर्षांत या माणसानं 'हे कर' म्हटलं नव्हतं, 'हे नको' म्हटलं नव्हतं. त्यांच्या तोंडातून जेवणाबद्दल शब्द ऐकायचा तर तो फक्त 'पाणी' हाच.

"गोळे मऊ पायजे का कडक?" तिनं विचारलं.

अच्युतरावांना हे ताराचंदला विचारून यायला हवं होतं. "मऊ," ते अंदाजानं म्हणाले.

त्या दिवसापासून घराचा वाराच बदलला. पहाटे जात्यावर शरयू पूर्वी मुकाट्यानं दळायची, ती आता गाऊ लागली. आवाज कोवळा, थोडा कापरा, बरेच दिवस पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखा. अच्युतराव गोधडीत पडून ऐकत.

*दळण दळिते बाई, जात्याले नाई कान,*
*दूरच्या भुकेल्याचं, मांडिते मी पान.*

*भाकरीची कड सुद्धा, मागे नाई उरत,*
*हात माझा गोड झाला, कोनाच्या बरकत.*

अच्युतरावांना ओवी बरी वाटली. दूरचा भुकेला म्हणजे कुणी साधू-बैरागी असेल, असं समजून ते पुन्हा झोपले.

डब्यात मग तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके येऊ लागले, सोबत ताकाची कढी. कोथिंबिरीची सांभारवडी आली, खसखस लावलेली. वांगं आलं तेसुद्धा भरलेलं, तिळाच्या कुटाचं. हे सगळं अच्युतरावांना वासावरून कळत असे, कारण बाभळीखाली झाकण उचलायची सवय काही सुटली नव्हती. घरी मात्र रात्री खिचडी, नाहीतर भात आणि पातळ वरण. एकदा त्यांनी चाचरत विचारलंही, की ते दुपारचे फुणके, त्यातले काही उरले नाहीत का?

"दुपारी डबा भरून जेवता तुमी," शरयू म्हणाली. "रात्री हलकंच बरं."

अच्युतरावांनी वरण भुरकलं. जेवण झालं की देवापुढच्या वाटीतला खडीसाखरेचा खडा उचलून तोंडात टाकत. हल्ली वाटीत रोज एक खडा असे. कुठून येतो, हे त्यांनी विचारलं नाही.

इकडे भोजनालयातली थाळी दुसऱ्या महिन्यात ओळखीची झाली. सोमवारी बटाटा लाल, मंगळवारी बटाटा अधिक लाल. पुरी फुगे, पण तिच्या पोटात हवेपलीकडे काही नसे. संध्याकाळी घशाशी जळजळ येई. आणि समोर, हातभरावर, ताराचंद त्यांच्याच बायकोच्या हातचं जेवत असे. सावकाश, मांडी घालून, पहिल्या घासाआधी हात जोडून. गाल हळूहळू भरून आले होते त्याचे. कानातल्या अत्तराचा वासही आता सांभारवडीपुढे फिका पडायचा.

एका गुरुवारी अच्युतरावांना राहवलं नाही. एक वडी द्या म्हणून त्यांनी हात पुढे केला. ताराचंदनं डबा बोटभर आपल्याकडे सरकवला.

"सौदा तो सौदा, बाबूजी."

"बायको माझी आहे, ताराचंदजी."

"मी कुठं नाई म्हणतो?" ताराचंद गंभीरपणे म्हणाला. "बायको तुमचीच आहे. मी फकत वडीबद्दल बोलून राह्यलो."

त्या रात्री अच्युतरावांनी पुष्कळ विचार केला. शरयूला खरं सांगावं, तर अकरा वर्षांनी गळ्यात आलेली तिची ओवी पुन्हा पेटीत जायची. न सांगावं, तर जन्मभर आपल्याच घरच्या जेवणाचा नुसता वास घेत बाभळीखाली उभं राहावं लागणार. दोन्हीकडून उपास त्यांनाच.

मंगळवारी डब्यात गोळाभात होता. लहान कुपीत हिंगाचं तेल, कागदात तळलेली मिरची. बाराच्या सुट्टीत अच्युतराव निघाले ते भोजनालयाकडे गेलेच नाहीत. बाभळीखाली रुमाल अंथरून बसले. इकडे तिकडे पाहिलं, चोरासारखा डबा उघडला, तेल ओतलं आणि गोळा फोडला.

मऊ. अगदी मऊ.

ते किती वेळ जेवत होते, कोण जाणे. मालगाडी गेली, फाटक उघडलं, बैलगाड्या गेल्या. शेवटचं शीत बोटानं टिपून झाल्यावर त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा थोडं जास्त बरंही वाटलं. कचेरीच्या नळावर त्यांनी डबा घासूनपुसून लख्ख केला. जाताना भोजनालयासमोरची वाट टाळून मागच्या गल्लीनं गेले. गल्लीच्या तोंडाशी डोकावलं, तर ताराचंद दारात उभा होता. कपाळावर आडवा हात धरून तो फाटकाच्या रस्त्याकडे पाहत होता. आत त्याची गिऱ्हाइकं वाढप्याला हाका मारत होती.

संध्याकाळी शरयूनं चुलीपाशी बसून फडकं सोडलं. झाकण काढलं. आत पाहिलं. डबा जरा तिरपा करून दिव्याच्या उजेडात पुन्हा पाहिलं.

"आज त्यायची तब्येत बरी नाई काय?"

"कोणाची?" अच्युतरावांचा टोपी काढणारा हात डोक्यावरच राहिला.

"जे रोज जेवतात त्यायची."

चुलीत लाकूड तडतडलं. अच्युतरावांनी टोपी काढून खुंटीला टांगली.

"पहिल्याच दिवशी डब्यात खडीसाखरेचा खडा निघाला," शरयू म्हणाली. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता. "दुसऱ्याच्या घरचं भांडं कोणी रिकामं परत करत नाई. आपल्या घरचा माणूसच तेवढा रिकामं आणते. मले तवाच समजलं, डबा कुठंतरी पाव्हणा जाऊन राह्यला म्हणून."

"मग बोलली काऊन नाई?"

तिनं डबा पालथा घातला. पदरानं हात पुसले.

"कोनीतरी खडा ठेवत होतं ना," ती म्हणाली. "तुमी तर कधी मीठबी मागतलं नाई."

देवापुढची वाटी रिकामी होती. अच्युतरावांचा हात सवयीनं तिच्याकडे गेला आणि परत आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं फिरत होतं. ओवी होती की नुसती घरघर, हे त्यांनी गोधडी बाजूला करून नीट ऐकलं. ओवी होती.

कचेरीला निघताना उंबऱ्यापाशी दोन डबे ठेवलेले दिसले. एक नेहमीचा पितळी, नव्या फडक्यात. दुसरा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, बुटका, झाकणाला पोचा आलेला. अच्युतरावांनी पितळी उचलला. शरयूनं तो शांतपणे त्यांच्या उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिला, आणि उजव्यात जर्मनचा.

"हा तुमचा," ती म्हणाली. "तो त्यायचा. काल उपाशी राह्यले असतील."

बाभळीखाली त्यांनी दोन्ही झाकणं दोन-दोन बोटं उचलली. पितळीत फुणके होते. जर्मनच्या डब्यात अंबाडी. आज तर बुधवार होता.

ताराचंद दारातच उभा होता. कालचं काही विचारलं नाही त्यानं, डबा तेवढा दोन्ही हातांनी घेतला. दोघं समोरासमोर बसले. थाळी नको, असं अच्युतरावांनी वाढप्याला सांगितलं. भाकर मोडली, अंबाडी लावली. ताराचंदनं मान वर करून त्यांच्या डब्याकडे पाहिलं आणि दोन फुणके उचलून त्यांच्या भाकरीवर ठेवले.

अच्युतरावांनी शेवटी भाकरीची कड उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि खाल्ली.

मग मागच्या नळावर दोघांनी आपापले डबे धुतले. ताराचंदनं गल्ल्याशेजारच्या बरणीतून एक खडा काढून पितळी डब्यात टाकला आणि तो बरणीचं झाकण लावू लागला.

"थांबा," अच्युतराव म्हणाले, आणि आपला पोचा आलेला डबा त्यांनी पुढे धरला.