गाडीचा खांदा

चोकचं बटण गरम होतं. काळं, बोराएवढं, वापरून वापरून वरचं अक्षर पार पुसून गेलेलं... तानबाच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच्यावर टेकली आणि चटकन मागं आली. ऊन म्हणावं तर ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ भरून आलेलं, अंगणातली काळी माती पाय धरून ठेवणारी, आणि गाडी तर पोळ्यापासून एका जागी उभी. मग या एवढ्याशा बटणाला ताप यावा कशाचा? त्यानं पुन्हा बोट लावलं. आता कोमट. की भासच झाला आपल्याला... हल्ली भास व्हायलाही फार वेळ लागत नाही.

त्यानं पायाखालचं, इंजिन चालू करायचं सेल्फचं बटण पुन्हा दाबलं. टक्. बस, एवढंच, टक्. इंजिनानं गरगर फिरून अंग झाडून उठायचं, ते नाही. पण बटण पुन्हा तापलं. रबर करपल्याचा हलका वासही आला. म्हणजे भास नव्हता! आणि एवढ्या साध्या गोष्टीनं तानबाला इतकं बरं वाटलं, की आपल्याला आनंद कशाचा झाला हे त्याचं त्यालाच कळेना. गाडी तर बंदच होती.

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावात भावानं घेतलेली जुनी पिकअप, मागं उघडा हौदा, पुढं एक दिवा जरा तिरळा. थोरला भाऊ नत्थूभाऊ आज सकाळीच आर्वीला गेला होता. जाताना दारात उभं राहून बोलला, आणि बोलला ते काही रागानं नव्हे. "पाह्य तानबा, सेल्फ घेत नाई. हँडल तुले मारता येत नाई. अन् या चिखलात धकलाले रोज माणसं कोठून आनू? संध्याकाळी मिस्त्री घेऊन येतो. इंजन काढू अन् हिरीवर बसवू. पान्याले तं कामी येईन."

आता यात नत्थूभाऊचं चुकलं कुठं, सांगा! इंजिन विहिरीवर बसेल, हँडल तो स्वतः मारील, संत्र्याची झाडं हिरवी राहतील. आणि गाडीचा राहील तो सांगाडा, त्यात कोंबड्या अंडी घालतील. "तानबा, कोंबड्यांकडं ध्यान देजो," असं कुणीतरी मायेनं म्हणेल, आणि तानबा देईल ध्यान... मी? मी कोंबड्या राखणार?

हँडल. गेल्या माघातली थंडी होती, वाडीतल्या कुणाच्या तरी बाळंतिणीला घाईनं न्यायचं होतं, सेल्फ गारठला म्हणून यानं पुढून हातानं फिरवायचं लोखंडी हँडल घातलं, जोर लावला— आणि इंजिनानं उलटी लाथ हाणली. उजवं मनगट मोडल्याचा आवाज तानबानं स्वतःच्या कानानं ऐकला होता, तुराटी मोडावी तसा. बाळंतीण बैलगाडीनं गेली आणि सुखरूप सुटलीही. ते पोर आता गावभर रांगत असेल. हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या, हाड बसलं, पण जरा तिरपंच बसलं. दुखतं का? दुखतं. पण दुखणं परवडलं, माया नको. पंचफुला भात कालवून ताट पुढ्यात ठेवते— बायकोनं नवऱ्याला लहान मुलासारखं जेवू घालायचं, आणि नवऱ्यानं मुकाट खायचं! बादलीला हात लावला की, "अवो, राहू द्या न." नत्थूभाऊनं आधी तिफण काढून घेतली, मग वखर, मग बैलांचे कासरे. सगळं मायेनंच काढून घेतलं, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय उरली नाही.

उरली होती गाडी. पायानं बटण दाबायचं असतं, तिथं मनगटाला कोण विचारतं? आपल्या रोहण्याहून आर्वी, संत्र्यांचे पेटारे, सरकीची पोती, बाजाराला निघालेल्या बाया, त्यांची भांडणं, त्यांच्या टोपल्या... स्टिअरिंगवर हात पडला की तो पुन्हा पुरता माणूस व्हायचा. लोक त्याला हाक मारून थांबवायचे, "ओ तानबाभाऊ, आमाले घेऊन चला," आणि त्या हाकेत दया नसायची, गरज असायची. ती हाक ऐकल्याला आता किती दिवस झाले, हे तो मुद्दाम मोजत नव्हता.

तर मग रडत काय बसायचं? तो खाली उतरला आणि बॉनेट उघडलं.

बॅटरी मेली म्हणावी, तर हॉर्न असा खणखणतो की शेजारची म्हैस दावं तोडते. दिवे लावले, तिरळा आणि सरळ दोन्ही लख्ख. मग त्यानं दारातून डावा हात आत घालून सेल्फचं बटण दाबून धरलं आणि मान वाकडी करकरून दिव्यांकडं पाहिलं. बॅटरीत दम नसता तर सेल्फ दाबल्याबरोबर दिवे झोपले असते. जरासे मंद झाले, पण झोपले नाहीत. सेल्फकडं जाणारी जाड तार त्यानं चाचपली; घट्ट, कोरडी, थंड. म्हणजे बॅटरीत करंट आहे, तार धड आहे, सेल्फ मागतो आहे, आणि तरी त्याला मिळत नाही. घरात दाणे आहेत, चूल पेटलेली आहे, आणि माणूस उपाशी. असं कसं?

आणि चोकची तार तापते. चोकच्या तारेचं करंटशी काय नातं? काही नाही. ती बिचारी नुसती ओढायची तार, एक टोक बटणाला, दुसरं इंजिनाला. तिनं का तापावं...

"पहले अर्थिंग देख, बाद में रो."

नागपूरचा उस्ताद. तानबा त्याच्याकडं गाडी शिकला होता, तेव्हा मिसरूड नुकती फुटत होती. उस्ताद तोंडात पानाचा तोबरा धरून बोलायचा, त्यामुळे निम्मं कळायचं नाही, पण हे एक वाक्य त्यानं इतक्या वेळा टपली मारून सांगितलं होतं, की आजही ते आठवलं तसं तानबानं डोक्याला हात लावला. करंट जातो तसा त्याला परतही यावं लागतं. बॅटरीतून तारेनं जातो, आणि परत येतो तो लोखंडातून, चासीतून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून. परतीची वाट बंद झाली की गेलेलाही पुढं सरकत नाही.

वाट बंद. म्हणून तो सापडेल त्या फटीतून निघतो आहे, चोकच्या बारक्या तारेतून, आणि एवढी गर्दी तिला सोसत नाही म्हणून ती तापते! तानबा एकटाच हसला. अरे, इंजिनापासून चासीला जाणारी ती तांब्याची वेणीसारखी विणलेली पट्टी— अर्थिंगची पट्टी— तीच! तुटली असेल, गंजली असेल. त्यानं एक पोतं आणलं, चिखलात अंथरलं, आणि उताणा होऊन गाडीखाली शिरला.

पट्टी तुटली नव्हती. गंजली नव्हती. उलट चासीवर घट्ट आवळलेली, आणि तिच्याखाली, चारी बाजूंनी बाहेर डोकावणारा, चकचकीत लाल रंग.

लाल.

तो तसाच पडून राहिला. पाठीत पोत्यातून ओल शिरत होती, तिकडं त्याचं ध्यान नव्हतं... पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. हळद कालवलेलं तूप पळसाच्या पानानं जुवाच्या घट्ट्यावर चोळायचं, आणि उद्या जेवायला यायचं आवतन द्यायचं. बैल झाले, तशी पंचफुला वाटी घेऊन गाडीपाशी आली. "वर्षभर हिनंबी तं वढलं. हिचा खांदा कोठी हाय?" नत्थूभाऊ पोट धरधरून हसला. तानबाही हसला, पण हसता हसता त्यानं जागा दाखवली, जिथं इंजिन चासीवर बसतं, सारा भार तिथंच. पंचफुलानं वाकून पाहिलं. तिथं ही पट्टी. "ह्ये काढा न भाऊजी. घट्टा तं जुवाखालीच असते." आणि नत्थूभाऊनं, सणाच्या हौसेत, खरंच पाना आणून पट्टी सोडली. तिनं चोळलं, हळूहळू, बैलाला दुखू नये अशा बेतानं. मग पुसलं, आणि शिंगांना लावून उरलेलं लाल रोगण वर लावलं, एक बोटभर जागा न सोडता. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर नत्थूभाऊनं अंगातला सगळा जोर लावून पट्टी पुन्हा आवळली. पोळ्याला बैलाकडून काम घ्यायचं नसतं, म्हणून गाडी चालू केलीच नाही. दोर लावून, ढकलत, तोरणाखाली नेली होती. काय लोक टाळ्या पिटत होते!

आणि त्यानंतर ती मुकी झाली. पण पूजेत खोट असेल असं कुणाच्या मनात येणार? बिघाड शोधताना माणूस गंज बघतो, तुटकं बघतो. प्रेमानं लावलेला रंग कोण बघतो? तानबानं त्या लाल कडेवरून बोट फिरवलं. मलाही असंच... सगळ्यांनी मिळून... जिथून जोर यायचा नेमकी तीच जागा मायेनं लिंपून टाकली, आणि मी तरी कुठं म्हणालो की राहू द्या, माझं मी करतो? बरंच वाटत होतं की मला ते. तेही खरंच आहे.

पाना बाजूलाच होता. पण नट अशा कोपऱ्यात, की डावा हात तिथं वळेना. दोनदा घालून पाहिला, कोपर चाकाला आपटलं. उजवाच घालावा लागणार. त्यानं मनगटाकडं पाहिलं, परक्याच्या वस्तूकडं पाहावं तसं.

"अवो! गाडीखाली काय करून राह्यले?" पंचफुलाची पावलं चिखलात थांबली. मग ती वाकली, उलटा चेहरा, कपाळावरचं कुंकू घामानं फिसकटलेलं. "सापडलं का काई?"

सांगावं की न सांगावं? तानबाला वाटलं, म्हणावं तार सैल होती. सोपं होतं ते. पण आता कशावरच आणखी एक हात रंगाचा नको.

"खांद्याले रंग लावला न आपण. करंट तेथून जाते. वाट बुजली."

तिनं आणखी वाकून पट्टीकडं पाहिलं. "मंग... म्या बिघडवली?"

"आपण. म्या जागा दाखवली, दादानं पट्टी सोडली. एकटीवर काऊन घेतं वो?"

"रंग खरडावा लागन?"

"पट्टीखालचा. बाकी राहू दे, मस्त दिसते."

ती हसली नाही. पदर खोचून तिथंच चिखलात बसली आणि हात आत घातला. "आना, पाना मले द्या. तुमचा हात..."

तिचा हात पुढंच होता, बांगड्यांसकट, कामाला तयार. रोजच्यासारखा तानबा पाना देऊन मोकळा झाला असता, आणि तिनं ते कामही केलं असतं, नक्की केलं असतं. त्याच्या मनात तिच्याविषयी एवढी माया दाटून आली, की नाही म्हणणं फार अवघड गेलं.

"नाई," तो म्हणाला. "तू पट्टी धर. हालू देऊ नको."

तिनं धरली. उजव्या हातात पाना बसवून त्यानं जोर लावला आणि मनगटातून कळ थेट काखेत गेली. आई गं! डोळ्यांत पाणी आलं. नत्थूभाऊनं आवळलेला नट तो, सहजी थोडाच हलणार! त्यानं श्वास सोडला, पुन्हा लावला. पंचफुला काही बोलली नाही, याचेच त्याला मोठे उपकार वाटले. तिची बोटं पट्टीवर पांढरी पडली होती. कुठंतरी बारीक कुरकुर झाली... हाडातली की नटातली? नटातली. फिरला. केसभर, मग बोटभर.

मग त्यानं चाकूच्या पात्यानं खरडायला घेतलं. लाल भुकटी त्याच्या गालावर, मिशीवर पडत होती, खालून हळदीचा पुसट वास आला, आणि शेवटी लोखंड दिसलं, उघडं, रुपेरी. हात दुखत होता. दुखू दे! त्या दुखण्यात आज काहीतरी वेगळं होतं. आजवर ते नुसतं दुखायचं, घरात बसून. आज काम करून दुखत होतं. वखर हाणून खांदे दुखायचे, तसं.

पट्टी पुन्हा आवळून तो बाहेर आला तोवर गल्लीच्या तोंडाशी माणसांचा आवाज यायला लागला होता. नत्थूभाऊचा हसरा, मोठा आवाज, आणि बरोबर दुसरा कुणी, अनोळखी. पंचफुलानं डोक्यावर पदर घेतला आणि घाबरून त्याच्याकडं पाहिलं.

"बस गाडीत," तानबा म्हणाला.

"मी?"

"पायाखाली बटन हाय. म्या म्हणलं का दाबजो. मले इथं इंजनाकडं पाहाचं हाय."

ती बसली, सीटच्या अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तशी, आणि पाय चाचपत बटणावर ठेवला. तानबा उघड्या बॉनेटपाशी उभा राहिला. उजवा हात त्यानं पट्टीच्या बाजूला इंजिनावर टेकवला होता. मनगट ठणकत होतं. सुजेल रात्री, सुजू दे.

फिरेल? फिरेल बहुतेक. आणि नाहीच फिरलं तर... नाहीच फिरलं, तर सेल्फ उतरवून त्याच्या आतले, करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे बघायचे. तेही धड निघाले तर त्याच्या पुढचं बघायचं. रांगेनं सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं, आणि त्या रांगेत कुठंही इंजिन विहिरीवर जात नव्हतं. कालपर्यंत तो देवाला म्हणत होता, एवढ्या वेळी गाडी चालू होऊ दे, लाज राख. आता त्याला फक्त बघायचं होतं काय होतं ते. फार बघायचं होतं.

"काऊन रे, चालू झाली का?" नत्थूभाऊनं फाटकातूनच विचारलं. "मिस्त्रीले आनलं. खोलाची का मंग?"

"नाई दादा, खोलाची नाई," तानबा वळून न पाहताच म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, गाडीत बसलेली पंचफुलाही दचकली. "त्याहिले च्या पाज. आमी पाहून राह्यलो."