कडीजवळचं भोक

स्क्रूड्रायव्हरचं टोक खोबणीत घालून त्याने जाळी धरून ठेवणारी रबराची दोरी उचकटली. उन्हाने ती कडक झाली होती, दोनदा मध्येच तुटली. जाळीचं दार बिजागऱ्यांतून काढून त्याने पुढच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं. कडीच्या बाजूला ते भोक होतं, हात जाईल एवढं. त्याच्याकडे न बघता काम करता आलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन संध्याकाळी यायची होती. बायको गेल्यानंतर ती पहिल्यांदाच राहायला येत होती. घरात डास शिरता कामा नये, एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याला वाटत होतं.

हे भोक मांजराने पाडलं होतं. मांजर बायकोचं लाडकं. “नखं मारली असतील त्याने,” ती म्हणाली होती, आणि त्याचं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मांजर पोत्यात घातलं आणि बाजाराच्या पलीकडे सोडून आला. ती दारात उभी राहून पोत्याकडे बघत होती. एकदा तिने तोंड उघडलं, पण मग आत गेली आणि भांडी घासत बसली. ‘स्टीलची जाळी आणतो,’ असं त्याने तेव्हा सांगितलं. आणली नाही. आज उद्या करता करता ती आजारी पडली, आणि मग जाळीचं कोणाला सुचतं? मांजरही गेलं, तीही गेली. भोक तेवढं राहिलं.

सकाळी दुकानात जाळ्यांच्या गुंडाळ्या पुढे टाकत दुकानदाराने विचारलं होतं,

“कशाने फाटली, काका?”

समोरचा बोलायला लागला की तो मान वळवून डावा कान पुढे करायचा. त्याला वाटायचं, आपण विचार करतोय. छापखान्यातल्या यंत्रांशेजारी उभं राहून निम्मं आयुष्य गेलं होतं. दुकानदाराने प्रश्न पुन्हा केला.

“मांजराने.”

“मग नायलॉनला हात लावू नका, दुपारपर्यंत निकाल लावेल त्याचा. ही फायबरची नरम असते, बसवायला सोपी. आणि ही स्टीलची. ही लावलीत तर मांजर सोडा, वाघसुद्धा दार वाजवूनच आत येईल.”

“मांजर नाही आता.”

“मग स्टील कशाला? हात कापून घ्याल उगाच. फायबर न्या की!”

“स्टीलचीच द्या.”

दुकानदाराने खांदे उडवले. नवी रबराची दोरी दिली, पत्रा कापायची कात्री दिली, आणि लाकडी मुठीचं एक हत्यार दिलं, त्याच्या दोन्ही टोकांना लहान चाकं. “फुगीर चाकाने आधी जाळी खोबणीत दाबा. मग या खाच असलेल्या चाकाने वरून दोरी. आणि ताणू नका हं, काका. ताणलीत तर चौकट कमरेतून वाकेल, दार लागायचं नाही.”

आता जुनी जाळी त्याच्या हातात सुटी आली. घडी घालताना अंगठा भोकाच्या कडेवरून फिरला आणि थांबला. त्याने चष्मा लावला. कड सरळ होती. तीन बाजूंनी कापलेली, आणि कडेकडेने दुहेरी दोऱ्याचा दाट टाका, काजाला घालतात तसा. बायकोचाच हात. मांजराने फाडलेलं ती शिवत बसली होती की काय? पण शिवायचं तर भोक बुजवायचं ना! नुसत्या कडा कोण शिवतं?

“तुझं काही कळायचं नाही,” तो जाळीला म्हणाला, आणि तिची घडी खिडकीत ठेवली.

स्टीलची जाळी अंगठ्याला दोनदा लागली. एक बाजू दाबली, मग समोरची, मग आडव्या दोन. ताणली नाही. चाक कुरकुरत दोरी खोबणीत बसवत गेलं. बाहेर आलेली कड कात्रीने कापली, दार बिजागऱ्यांवर चढवलं, आतून कडी लावून बघितली. चपखल बसली. हात धुऊन तो खुर्चीत टेकला. बायको असती तर दारावर बोटाने टकटक करून म्हणाली असती, ‘जमलं बाई!’

डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. जाळीपलीकडे मुलगी उभी होती. खांद्यावर बाळ झोपलेलं, पायाशी पिशवी. तिचे ओठ हलत होते. एका हाताची बोटं कडीच्या बाजूला जाळीवर चाचपत होती, नेमकी त्याच जागी, आणि स्टीलवर वाकत होती.

तो उठला आणि तिथेच उभा राहिला. बायको भाजी घेऊन आली की तिने कधी दार वाजवल्याचं त्याला आठवेना. डोळे उघडावेत तर ती स्वयंपाकघरात. ‘केव्हा आलीस?’ ‘आत्ताच.’ भोक पडायच्या आधी मात्र तिने एकदा म्हटलं होतं, दाराला मोठ्या आवाजाची बेल बसवून घेऊ या. तो उसळला होता, ‘घरात मी असताना बेल कशाला? मी काय बहिरा आहे?’ त्यानंतर तिने बेलचं नाव काढलं नव्हतं.

त्याने कडी काढली. मुलीचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

“भोक बुजवलंत होय, बाबा?” ती म्हणाली, आणि जीभ चावली.

“तुला ठाऊक होतं?”

ती बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली.

“किती वेळ उभी होतीस?”

“आत्ताच आले.”

त्याने पिशवी आत घेतली. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि दारापुढे बसून कडीचा पहिला स्क्रू उलटा फिरवायला लागला. मागे मुलगी काहीतरी बोलत होती, बाळ जागं होऊ नये म्हणून हळू. तो वळला आणि त्याने डावा कान तिच्याकडे केला.

“मोठ्याने बोल, बाळा,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”