वीस मिनिटांचा भोंगा

कुलूपकाकांच्या कॅम्पर व्हॅनला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. हिंमत सोडा, सोयच नव्हती. स्टेअरिंगला आडवा लोखंडी दांडा, पुढच्या चाकाला पिवळा जॅमर, मागच्या दाराला दोन कुलपं, सरकत्या दाराला तिसरं. एवढं सगळं फोडून कुणी आत शिरलाच, तर डॅशबोर्डखाली पाच बटणं. ती ठरलेल्या क्रमानं दाबली तरच इंजिन चालू व्हायचं. क्रम चुकला की डिझेल बंद आणि भोंगा सुरू. चांगली वीस मिनिटं! मध्ये डोकं आपटून घेतलं तरी थांबायचा नाही, आणि तोवर बरोबर क्रम दाबला तरी इंजिन चालू व्हायचं नाही.

"वीसच का हो?" काकूंनी एकदा विचारलं होतं.

"चोराला कुठंही वीस मिनिटं थांबणं परवडत नाही."

"आणि माझ्या कानांना परवडतं वाटतं?" काकू हसल्या होत्या.

माणूस वाईट नव्हता हो. पस्तीस वर्षं बाजारातल्या गल्लीत कुलपांचं दुकान चालवलं त्यानं. आता तुम्हीच सांगा, कुलूपवाल्याकडे घाईघाईनं कोण येतं? ज्याच्या घरी आदल्या दिवशी चोरी झाली तो. ज्यांचं सगळं जागच्या जागी आहे ते कशाला दुकानाची पायरी चढतील! पस्तीस वर्षं काकांनी फक्त लुटलेली माणसं पाहिली, आणि त्यांच्या मनानं घेतलं की सगळं जग टपून बसलंय.

गाडी खरं तर काकूंच्या हौसेची. त्यांनी बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. "आता माझ्या मर्जीनं चालवणार, कुठंही थांबणार," असं म्हणून काकांचा जीव खाऊन त्यांनी जुनी व्हॅन घ्यायला लावली. आत दोन बाकं, त्यांचाच पलंग, एक शेगडी, एक सिंक. निळे पडदे काकूंनी स्वतः शिवले. चालवायची त्यांनी, राखायची काकांनी, असा कारभार. दर सोमवारी सकाळी काका बटणांचा क्रम बदलायचे आणि चहा पिताना तो काकूंना सांगायचे. कागदावर काही नाही. कागद चोराच्या हाती लागला म्हणजे?

"सांगा आजचा पाढा," काकू म्हणायच्या. एकदा ऐकलं की त्यांना पाठ.

त्या सोमवारी गाडी तलावाकाठच्या मोकळ्या मैदानात उभी होती. काका कॅन घेऊन नळावर गेले होते. परत येऊन बघतात तर काय, लाल टोपीवाला एक माणूस त्यांच्याच स्टुलावर बसून चहा पितोय आणि मान लांब करून गाडीत डोकावतोय. काकू शेगडी कशी बसवली ते मोठ्या कौतुकानं दाखवतायत. पलीकडे त्याची छोटी गाडी, टपावर मासे धरायचे गळ बांधलेले. मैदानात दुसरं कुणी नव्हतं.

काकांचं डोकंच फिरलं.

"काय बघतोस आत? कोण पाहिजे तुला?"

"काही नाही काका, मलाही अशी गाडी करायचीय, म्हणून..."

"असंच म्हणतात सगळे! मी नंबर लिहून घेतलाय तुझा. परत इथं दिसलास तर पोलिसांत देईन."

टोपीवाल्यानं अर्धा चहा तसाच ठेवला, काकूंना नमस्कार केला आणि तो निघून गेला.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांचा राग असाच असायचा, तोंडाला टाळं. कप विसळला, स्टूल आत घेतलं आणि पाठ फिरवून बसल्या. काकाही हट्टाला पेटले. त्या मेल्यानं बटणं पाहिली असतील म्हणून त्यांनी क्रम बदलला, नेहमीपेक्षा अवघड केला. पण सांगणार कुणाला? दोघांचा सोमवारचा चहा झालाच नव्हता. आधी ती बोलू दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी दोनच्या सुमारास काकू पलंगावरून उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. काकांनी वळून पाहिलं. काकूंचा चेहरा घामानं निथळत होता आणि डावा हात उजव्यानं धरलेला. काकांनी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली की अँब्युलन्स निघतेय, पण पोचायला चाळीस मिनिटं लागतील. दवाखाना बारा मिनिटांवर होता.

"आपणच जाऊ," काकू म्हणाल्या. एवढ्या वेदनेतही बसवालीचं डोकं शाबूत. "तुम्ही चाक सोडवा. मी इंजिन चालू करून ठेवते, मग तुम्ही चालवा."

काकांनी स्टेअरिंगचा दांडा काढला, किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली उडी मारली आणि जॅमरपाशी गुडघे टेकले. घाईत एकामागून एक किल्ली लावली, एकही भोकात जाईना. पस्तीस वर्षं लोकांची कुलपं उघडून दिली त्या माणसानं, आणि आज स्वतःचं एक उघडेना! शेवटी जॅमर खटकन सुटला. आणि त्याच क्षणी डोक्यावर भोंगा सुरू झाला.

काकांना एका झटक्यात सगळं कळलं. तिनं गेल्या आठवड्याचा क्रम दाबला होता. तिला दुसरा माहीतच नव्हता.

ते धावत आत आले. काकू चालकाच्या जागेवर बसल्या होत्या, बोटं अजून बटणांवर. आवाज एवढा की काचा थरथरत होत्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही, पण बेचाळीस वर्षांच्या संसारात काकांना ते ओठ वाचता येत होते. त्या विचारत होत्या, "माझं चुकलं का?"

"नाही! तुझं नाही चुकलं! मी बदललाय, मी!" काका बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

काकूंनी मान हलवली, कळत नाही म्हणून. पुन्हा ओठ हलले. पुन्हा तेच.

काकांनी सीटखालच्या पेटीवर पाना मारला. भोंगा त्या पेटीत होता, त्याला वेगळी बॅटरी होती, आणि पेटी त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बंद केली होती, कुणाला उघडता येऊ नये म्हणून. काम चोख होतं. पत्र्याला पोचासुद्धा आला नाही. ते बाहेर धावले, रस्त्यापर्यंत गेले. रस्ता रिकामा. टोपीवाल्याची छोटी गाडी जिथं उभी होती तिथं टायरच्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. दिवसभर मासे धरायला आलेला माणूस. तो असता तर आतापर्यंत ती दवाखान्यात असती. मीच हाकललं त्याला, काका मोठ्यानं म्हणाले, आणि परत धावले.

मग त्यांनी काकूंचं डोकं छातीशी धरलं आणि कानाशी तोंड नेऊन तेच तेच सांगत राहिले. तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तिची बोटं त्यांच्या सदऱ्याला घट्ट धरून होती, मग सैल झाली.

बरोब्बर वीस मिनिटांनी भोंगा थांबला. काकांनी क्रम दाबला. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "श्वास कधी थांबला, काही अंदाज?"

"भोंगा वाजत होता," काका म्हणाले.

तीन महिन्यांनी काकांनी गाडी पुन्हा त्याच मैदानात आणली. दांडा नाही, जॅमर नाही. लेकीनं गाडी विकायचा आग्रह धरला होता, पण विकायची म्हणजे कुणाला तरी ती दाखवायची, बटणं समजावून सांगायची. त्यापेक्षा कुणी चोरून न्यावी. त्यांनी दारं सताड उघडी टाकली, बटणांचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवला, किल्ली गाडीतच लावून ठेवली आणि लांब झाडाखाली जाऊन बसले. न्या बाबांनो, एकदाची न्या.

तासाभरानं कुणीतरी त्यांच्याकडे चालत आलं. लाल टोपी. एका हातात किल्ली, खांद्यावर गळ.

"काका, गाडीतच राहिली होती. असं सोडून जाऊ नका, सगळेच सारखे नसतात." किल्ली देताना त्यानं त्यांना ओळखलं आणि तो जरा अवघडला. मग गाडीकडे बघून म्हणाला, "काकू नाही आल्या?"

काकांनी किल्ली मुठीत घट्ट आवळली.

"तिचं काही चुकलं नव्हतं रे," ते म्हणाले.

टोपीवाल्याला काही कळलं नाही. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यानं गळ खाली ठेवले आणि तो शेजारी बसला.

"हो काका," तो म्हणाला. "नव्हतंच चुकलं."