टेबलाच्या पायाखालचं शुद्धिपत्र

मी शुद्धिपत्र बोलतोय. तळहाताएवढा कागद, चार घड्या आणि अंगावर टेबलाच्या पायाचा गोल वळ. माझ्यावर दोनच ओळी छापल्या आहेत. त्या वेळेवर कुणी वाचल्या असत्या, तर एक बहीण भावाच्या घरातून तशी निघून गेली नसती.

माझा जन्म दुसऱ्यांच्या हलगर्जीपणातून झाला. एका खेळाचं नियमपुस्तक छापलं गेलं. खेळ असा, की तीन-चार जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, सूत्रधार गोष्ट पुढे नेतो आणि अडलं की फासे टाकायचे. त्या पुस्तकात राक्षसांची वर्णनं पानंच्या पानं, पण सामानाचा अध्याय असा, की लिहिणाऱ्याला समोर उभं करून जाब विचारावा. पान ४१ म्हणतं, ढाल मनगटावर बांधतात, पंजा मोकळा राहतो. पान ५८ म्हणतं, कंदिलाला मोकळा हात लागतो आणि ढालीचा हात मोकळा मानायचा नाही. खेळणाऱ्याने ऐकायचं कुणाचं? चूक ध्यानात आल्यावर त्यांनी मला छापलं आणि खोक्यात टाकून दिलं. पुस्तकाला चिकटवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

खोकं विकत घेतलं एका मोजणीदाराने. जमिनी मोजणारा माणूस. बोटभर फरकही त्याला खपत नसे. पहिल्याच रविवारी दुपारी फासा घरंगळून खाली पडला. टेबल डगमगत होतं. त्याने खोक्यात हात घातला, मी हाताला लागलो. उलटसुलट न बघता त्याने माझ्या घड्या घातल्या आणि मला पायाखाली सारलं.

"आता कसं समपातळीत आलं!" तो खूश होऊन म्हणाला.

मी घड्यांच्या आत तोंड मिटून बसलो. पहिली दोन वर्षं कंदिलाचा प्रश्नच आला नाही.

खेळायला तिघं असत. मोजणीदार सूत्रधार. त्याचा मित्र बसचालक, तोंडाचा फटकळ. आणि मोजणीदाराची थोरली बहीण, ताई. ती नर्स. दुसऱ्या वर्षी ती नवऱ्याचं घर सोडून भावाकडे राहायला आली होती. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. रविवारी मात्र ती पहारेकरीण व्हायची, हातात तलवार आणि ढाल, आणि मनापासून हसायची. खालून मला तिच्या चपलेचा ठेका ऐकू यायचा.

मग तो रविवार आला. पहारेकरीण काळोख्या भुयारात शिरली.

"मी कंदील पेटवते," ताई म्हणाली.

"कुठल्या हातात? एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. पान ५८ बघ."

"पान ४१ बघ की! ढाल बांधलेली आहे, पंजा मोकळा आहे. अरे, मी वॉर्डात हातावर ट्रे तोलून त्याच हाताच्या बोटांत टॉर्च धरते."

"तुझा वॉर्ड पुस्तकात नाही, ताई."

"ढालीला आकडा लाव आणि कंदील टांग," बसचालक म्हणाला. "विषय संपला, चहा टाक."

"आकडा सामानाच्या यादीत नाही."

"यादीत तर तुझी अक्कलही नाही!"

बसचालक एकटाच हसला. पान ४१, पान ५८, पुन्हा ४१. मी त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर होतो आणि उत्तर माझ्या पोटात होतं. शेवटी सूत्रधाराने निकाल दिला, कंदील नाही. फासा पडला. पहारेकरीण अंधारात खड्ड्यात कोसळली आणि मेली.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "हे बरोबर नाही," म्हणत ती उठली.

आणि मोजणीदार बोलून गेला, "तुझं नेहमीचंच आहे. हरायला लागलीस की उठून जायचं."

चपलेचा ठेका थांबला. बसचालकाने घसा खाकरला. ताईने आत जाऊन कडी लावली. आठवड्याभरात ती दुसऱ्या गावी, इस्पितळाने नर्सना दिलेल्या खोल्यांत राहायला गेली. पुढची तीन वर्षं भाऊबहीण एकमेकांशी फक्त तब्येतीपुरतं बोलले.

परवा रंगकामासाठी टेबल हलवलं, तेव्हा मी जमिनीला चिकटलेला सापडलो. मोजणीदाराने मला सोलून काढलं, उलगडलं आणि वाचलं: 'पान ५८ वरची कंदिलाची अट रद्द समजावी. ढाल बांधलेल्या हातात कंदील धरता येतो.' तो रंगाच्या डब्यावरच बसला. मग त्याने फोन लावला.

"ताई, तुझं बरोबर होतं. कंदील धरता येत होता. इथे छापलंय. मीच हा कागद टेबलाखाली..."

"कुठला कंदील?"

"अगं, तो भुयारातला! ज्याच्यावाचून पहारेकरीण मेली तो."

पलीकडे ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कंदिलाचं मी कधीच विसरले रे," ताई म्हणाली. "तू नंतर जे बोललास, त्याची दुरुस्ती छापलीय का कुठे?"

त्याने मला पालथं घातलं. मागची बाजू कोरी होती.

"चुकलो मी," तो म्हणाला.

"हं. ठेवते, ड्यूटी आहे."

आता मी पान ५८ मध्ये आहे, जिथे पहिल्या दिवशी असायला हवं होतं. माझ्या जागी टेबलाखाली कुणी काही ठेवलेलं नाही. ते पुन्हा डगमगतं. नियम लिहिणाऱ्यांनो, दोन पानांवर दोन गोष्टी लिहून हात झटकू नका. आणि वाचणाऱ्यांनो, कागदाची घडी घालण्याआधी तो एकदा उलगडून बघा. मी फक्त पान ५८ दुरुस्त करू शकतो. दर रविवारी दुपारी मोजणीदार टेबलापाशी येऊन बसतो, पुस्तक उघडतो आणि मला पालथं घालून माझ्या कोऱ्या बाजूकडे बघत राहतो.